मास्तरांची शिकवणी

देवासच्या बस स्टँडवर धारला जाणाऱ्या गाडीची पाटी मी लहानपणी 'घार' अशी वाचायचे. गाडी आकाशातल्या घारीकडे कशी जाते, असं मी आईला विचारलंही होतं. आई हसली आणि तिनं बाबांना सांगितलं, बाबांनी त्यांच्या कारखान्यात सांगितलं, आणि आमच्या कॉलनीत काही दिवस माझ्या कल्पनाशक्तीचं फार कौतुक झालं. आठवीत दोनदा नापास झाल्यावर ते थांबलं.

बाबा साताऱ्याकडून गिअरच्या कारखान्यात नोकरीला म्हणून देवासला आलेले. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत माळवी. मला बोलायला तिन्ही यायच्या आणि वाचायला एकही नाही. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व ही माझ्या लेखी जुळी भावंडं होती. ती माझ्यासमोर कपडे बदलून यायची आणि मी फसायचे. याला डिस्लेक्सिया म्हणतात हे मला पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा त्याला 'लक्ष नाही' असं म्हणत.

तर अशी मी पंधराव्या वर्षी काकूंच्या वर्गात दाखल झाले. काकू म्हणजे बाबांच्या कारखान्यातल्या फोरमनसाहेबांची बायको. त्यांच्या मुलाला जन्मताना मेंदूला इजा झाली होती. हातपाय आणि जीभ त्याचं नीट ऐकत नसत. देवासातल्या कुठल्याच शाळेनं त्याला घेतलं नाही, म्हणून काकूंनी त्याला घरीच शिकवलं, दहावीची परीक्षा बाहेरून द्यायला लावली. मग आमच्यासारखी आणखी पोरं गोळा करून त्यांनी वर्गच काढला. जागा मिळाली ती गणेश मंडळाच्या सामानाच्या खोलीत. तिथे थर्माकोलचा राजवाडा होता, गुंडाळलेल्या कनाती होत्या आणि वासराएवढा एक प्लास्टरचा उंदीर होता. त्याचा एक कान तुटला होता. दुसऱ्या कानाला आम्ही डब्याच्या पिशव्या अडकवायचो.

काकूंच्या मुलाला आम्ही सगळे भिया म्हणायचो. माळव्यात भिया कोणालाही म्हणतात, पानवाल्याला आणि बँकेच्या मॅनेजरलाही, पण आमच्या वर्गात भिया एकच. सतरा वर्षांचा, दोन कुबड्या, नुकती फुटलेली मिशी आणि जिभेवर ताबा नसला तरी बोलण्याची प्रचंड हौस. त्याचं एक वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागायचा. मला ते समजायचं, म्हणून मी त्याची दुभाषी झाले. फक्त मला आटोपतं घ्यायची सवय होती. तो मिनिटभर बोलायचा आणि मी सांगायचे, "तो नाही म्हणतोय." मग तो कुबडी जमिनीवर आपटायचा. "मी एवढं बोललो, आणि तू एवढंच?"

आमच्यातली सगळ्यांत मोठी होती ताई. एकोणीस वर्षांची, बुटकी, गोल चेहऱ्याची. घरी धाकटा भाऊ तिला नावानं हाक मारायचा, म्हणून वर्गात पहिल्याच दिवशी तिनं जाहीर केलं की इथे मला सगळ्यांनी ताई म्हणायचं. काकूसुद्धा ताई म्हणायच्या. तिला डाउन सिंड्रोम होता. काकूंनी एकदा तिला समजावून सांगितलं की प्रत्येकाच्या शरीरात काही बारीक धागे असतात आणि तुझ्यात त्यातला एक जास्त आहे. तेव्हापासून कोणी तिच्याकडे निरखून बघितलं की ती शांतपणे सांगायची, "माझ्याकडे तुमच्यापेक्षा एक जास्त आहे." काय जास्त आहे, ते कधी सांगायची नाही. लोक विचारात पडून निघून जात.

गणपती आले की आमची खोली रिकामी व्हायची आणि आम्ही बेघर. त्या वर्षी मंडळाच्या सेक्रेटरींनी मोठ्या मनानं सांगितलं, "या मुलांसाठी पुढे खुर्च्या ठेवा. बसू देत बिचारे, कार्यक्रम बघू देत." ताईला खुर्ची नको होती. तिला कार्यकर्त्यांचा बिल्ला हवा होता, गुलाबी रिबिनीचा, छातीवर लावायचा. सेक्रेटरी म्हणाले, "तुला कशाला बिल्ला? तू आराम कर."

ताईनं आराम केला नाही. आरती झाल्यावर ती प्रसादाच्या रांगेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि रांग लावायला लागली. तिचे नियम सोपे होते. एका मागे एक उभं राहायचं, एकाला एकच मूठ, आणि परत हवं असेल तर परत मागून यायचं. मुलं ऐकत होती, बायका ऐकत होत्या. तेवढ्यात सेक्रेटरी पाहुण्यांसाठी प्रसाद न्यायला बाजूनं आले. ताईनं त्यांना बोटानं रांगेचं शेपूट दाखवलं.

"अगं, मी सेक्रेटरी आहे."

"हो," ताई म्हणाली, "मागे."

गर्दीत कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि सेक्रेटरी खरोखर मागे जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः बिल्ला आणून दिला. ताई तो लावूनच झोपायची असं तिची आई सांगायची.

याच रांगेत एका संध्याकाळी एका मोठ्या शाळेचे हेडमास्तर आले. मराठी गृहस्थ, सभ्य, चष्मा पुसत बोलणारे. जूनमध्ये काकू भियाच्या अकरावीच्या प्रवेशासाठी त्यांच्याकडे गेल्या होत्या आणि त्यांनी 'अकरावी दुसऱ्या मजल्यावर आहे' एवढंच सांगून त्यांना परत पाठवलं होतं. ताईला हे ठाऊक होतं. हेडमास्तरांनी ओंजळ पुढे केली. ताईनं प्रसादाची मूठ हवेतच धरली.

"भियाला का नाही घेतलं?"

रांग थांबली. मागून कोणीतरी "चलो भिया, आगे चलो" म्हणालं. हेडमास्तर कानकोंडे झाले, पण माणूस खरा होता. ते म्हणाले, "बाळ, खरं सांगू का? आमच्या शिक्षकांना तुम्हाला कसं शिकवायचं तेच येत नाही."

शेजारी खुर्चीवर भिया बसला होता. तो बोलायला लागला. बराच वेळ बोलला. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं.

"तो म्हणतो, मग त्यांना आमच्याकडे पाठवा. आम्ही शिकवतो."

कुबडी आपटली.

"आणखी काय म्हणतो?" हेडमास्तरांनी विचारलं.

मला सांगणं भाग होतं. "तो म्हणतो, रविवारी सकाळी पाठवा. शिकवणीचे पैसे घेणार नाही. पण उशिरा आलं तर बाहेर उभं करू."

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "पाठवतो."

ताईनं त्यांच्या ओंजळीत प्रसाद टाकला. एकच मूठ.

काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, तुम्ही कबूल काय करून आलात? शिकवणार काय त्यांना?"

"आम्हाला कसं वाटतं ते," भिया म्हणाला. हे काकूंना माझ्याशिवाय समजलं.

मग आम्ही विषय वाटून घेतले. वाचन माझ्याकडे आलं. बोलणं भियाकडे. ताई म्हणाली, "मी बिचारे शिकवते." हा काय विषय, असं आम्ही विचारलं नाही. तो शब्द तिच्याइतका कोणीच ऐकला नव्हता.

विसर्जनानंतर खोली आम्हाला परत मिळाली. ठरलेल्या रविवारी मास्तर मंडळी आली. हेडमास्तर सर्वांच्या आधी येऊन उंदराच्या पायाशी सतरंजीवर मांडी घालून बसले, त्यामुळे बाकीच्यांनाही बसावं लागलं. दोन सर उशिरा आले. ताईनं त्यांना दाराबाहेर उभं केलं. त्यांनी हेडमास्तरांकडे बघितलं, तर हेडमास्तर फळ्याकडे बघत होते.

पहिला तास माझा. मी फळ्यावर हिंदीत लिहिलं: 'धर में मात वना है। बाबा धास लाए हैं। मैंस माग गई।' काही अक्षरं अदलाबदल केलेली, काही सरळ, म्हणजे नियम सापडू नये. मग एकेकाला उठवून मोठ्यानं वाचायला सांगितलं. सगळे अडखळले. हिंदी शिकवणारे सर धीट होते. ते उठले आणि जसं लिहिलं होतं तसंच, आवाजात चढउतार करत त्यांनी वाचलं. "मैंस माग गई" वर ते स्वतःच थांबले.

"मैंस म्हणजे काय सर?" मी विचारलं.

"भैंस असेल."

"असेल म्हणजे? इतकं सोपं आहे. लक्ष कुठे आहे तुमचं?"

हे वाक्य माझ्या तोंडून असं सहज बाहेर पडलं की मीच दचकले. ते मी तयार करून आणलं नव्हतं. सात-आठ वर्षं रोज ऐकलेलं, ते आत पाठच झालं होतं. सर खाली बसले. त्यांचे कान लाल झाले होते आणि मला, खरं सांगायचं तर, भारी मजा आली होती.

दुसरा तास भियाचा. त्यानं प्रत्येकाला लिमलेटच्या चार चार गोळ्या वाटल्या आणि त्या एकदम तोंडात घालायला माझ्याकरवी सांगितल्या. "चावायच्या नाहीत. आता तुमचं नाव, गाव आणि तुम्हाला कोणती भाजी आवडत नाही ते सांगा." हेडमास्तरांची पाळी पहिली. ते बोलायला लागले आणि नुसता लगदा बाहेर आला. ताईचा तास खरं तर नंतर होता, पण तिला राहवलं नाही. ती हेडमास्तरांच्या शेजारी बसलेल्या बाईंकडे वळली.

"इनको पानी चाहिए क्या?"

बाई म्हणाल्या, "मला काय माहीत, त्यांनाच विचार ना."

"इनको समझता है?" ताईनं अगदी मायेनं विचारलं.

हेडमास्तर हात हलवून आपलं नाव सांगायचा पुन्हा प्रयत्न करत होते. ताईनं त्यांच्या गालावर थोपटलं. "किती गोड बोलतात. बिचारे."

खोलीत हसण्याचा स्फोट झाला. हेडमास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी रुमालात गोळ्या काढल्या आणि बराच वेळ रुमालाची घडी करत बसले. नंतर म्हणाले, "मला बोलायचं होतं आणि कोणी माझ्याकडे बघतच नव्हतं."

"हो," भिया म्हणाला. हा शब्द सगळ्यांना कळला.

पण सगळंच असं गोड झालं नाही. गणिताचे सर मागे बसले होते. त्यांनी गोळ्या तोंडात घातल्याच नव्हत्या, हातात धरून ठेवल्या होत्या. ते म्हणाले, "नाटक छान आहे. पण माझ्या वर्गात साठ पोरं आहेत. त्यांचं पूर्ण होत नाही, तर यांना वेगळं मी कधी शिकवू? हे मला कोणी सांगा."

ते खोटं नव्हतं. काकूंनीही मान हलवली. मग भिया बोलायला लागला आणि त्या दिवशी मी त्याचा एकही शब्द गाळला नाही. थांबत थांबत, तो म्हणेल तसं सांगत गेले. "साठ आहेत तर एकसष्टावा मी. मला वेगळं शिकवू नका. वर्ग खाली आणा. मी हात वर केला की थोडं थांबा. माझं वाक्य लांब असतं."

"किती लांब?" सरांनी विचारलं.

"तुमच्या प्रमेयापेक्षा लहान."

सरांनी गोळ्यांकडे बघितलं, एक तोंडात टाकली आणि म्हणाले, "बरं."

दिवाळीनंतर त्या शाळेची अकरावी तळमजल्यावर आली आणि भिया तिच्यात बसायला लागला. मला नववीत घेतलं. माझी परीक्षा तोंडी घ्यायचं हिंदीच्या सरांनी कबूल केलं. पहिल्या महिन्यातच गणिताचे सर काकूंकडे तक्रार घेऊन आले की तुमचा मुलगा प्रत्येक तासाला चार वेळा हात वर करतो, त्याला जरा सांगा. काकूंनी त्यांना चहा दिला आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. आनंदानं. शाळेतून त्यांच्या मुलाची तक्रार येण्याची ती पहिलीच वेळ होती.

ताईला मात्र शाळेनं घेतलं नाही. वय जास्त, अभ्यास कमी, कुठल्या वर्गात बसवणार? हेडमास्तरांनी हे स्वतः येऊन सांगितलं. मला वाटलं ती रुसेल. ती म्हणाली, "मी कशी येणार? मी मास्तर आहे ना." आणि पुढच्या रविवारी कोणत्या शाळेचे शिक्षक येणार आहेत ते तिनं काकूंना विचारलं. एव्हाना आणखी दोन शाळांतून विचारणा झाली होती.

धारचं आमंत्रण हेडमास्तरांच्या मेहुण्यांकडून आलं. काकूंसह आम्ही चौघं बसनं इंदूरवरून गेलो. मेहुणे म्हणजे संस्थानाच्या काळात दरबारी असलेल्या घराण्यातले, वयानं सत्तरीच्या पुढचे. त्यांचं मराठी ऐकून आम्ही गार पडलो. आम्ही 'पंखा चालू कर' ऐवजी 'पंखा चला दे' म्हणणारी पोरं. ते फाटकाशी उभे राहून म्हणाले, "आपले येणे झाले, फार संतोष वाटला. मार्गात काही उपद्रव झाला नाही ना?"

ताई माझ्या कानात म्हणाली, "हे टीव्हीत असतात का?"

सभागृहात गेलो तर स्टेजवर मोठा फलक: 'विकलांग बालक फल वितरण समारोह'. त्या फलकाखाली खुर्च्यांवर हार घातलेली पाहुणे मंडळी आणि टेबलावर केळ्यांची टोपली. भियानं फलक वाचला आणि आपल्या मिशीवरून हात फिरवला. "बालक," तो म्हणाला.

मेहुण्यांना वाईट वाटलं. त्यांनी कळवलं होतं एक आणि कार्यक्रम ठेवणाऱ्या क्लबच्या लोकांनी नेहमीच्या सवयीनं केलं होतं दुसरं. शिकवणी वगैरे कोणाच्या ध्यानातही नव्हतं. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. ही ईश्वराची विशेष लेकरं आहेत, यांची सेवा म्हणजे पूजा, हे बिचारे आपल्याकडे काही मागत नाहीत, असं ते बराच वेळ सांगत राहिले. दर 'बिचारे'ला ताई माझ्याकडे बघून एक बोट दुमडायची. तिची दोन्ही हातांची बोटं संपली.

मग निवेदकानं माइकवर सांगितलं की आता मान्यवरांच्या हस्ते फळवाटप होईल, बच्चों, मंच पर आइए. आम्ही वर गेलो. एका कार्यकर्त्यानं टोपली उचलली. ताईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली. इतक्या सहजपणे, की त्याला वाटलं असंच ठरलं असेल. ती पहिल्या खुर्चीपाशी गेली आणि तिनं प्रमुख पाहुण्यांच्या हातात एक केळं ठेवलं. मग त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "खुश रहो बेटा."

फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला. वाटपाच्या वेळी फोटो काढायचा, एवढंच त्याला माहीत. ताई पुढच्या खुर्चीकडे सरकली. एकेका मान्यवराला एक केळं, डोक्यावर हात, खुश रहो बेटा. एका बाईंनी सवयीनं वाकून नमस्कारच केला. खाली लोक आधी गोंधळले, मग खुसखुसायला लागले. काकू खालून हातानं 'बस कर' अशी खूण करत होत्या आणि पदर तोंडावर धरून हसतही होत्या. टोपलीत उरलेली दोन केळी ताईनं भियाला आणि मला दिली. आमच्या डोक्यावर हात ठेवला नाही.

तेव्हा मेहुणे उठले. त्यांनी माइक घेतला नाही, तरी आवाज शेवटपर्यंत पोचला. "मंडळी, ही मुले शिकवावयास आली आहेत. आम्ही फळे वाटून मोकळे होऊ पाहत होतो. ज्यांना घाई आहे त्यांनी जावे. मी विद्यार्थी म्हणून बसतो." आणि ते स्टेजच्या पायरीवर, धोतर सावरून, खाली बसले.

प्रमुख पाहुण्यांना घाई होती. ते केळं हातात घेऊनच गेले. बरेच लोक गेले, पण पुष्कळ थांबले आणि आम्ही तिथे शिकवणी घेतली. लिमलेटच्या गोळ्या कमी पडल्या, मग भियानं मान्यवरांनी खुर्च्यांवर सोडलेल्या केळ्यांच्या फोडी वापरल्या. मेहुण्यांना तोंडात केळं घेऊनही 'संतोष' हा शब्द स्पष्ट म्हणता आला, यावर भियाचा फार आक्षेप होता.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात प्रमुख पाहुण्यांचा फोटो आला. हातात केळं, डोळे मिटलेले, डोक्यावर ताईचा हात.

भियाचं पुढे बी. कॉम. झालं. त्याला सतवास गावाच्या बाजूला एका शाळेत शिकवायला बोलावलं, तेव्हा तो एकटा गेला आणि परत येऊन म्हणाला की पोरांना पहिल्या आठवड्यात काही समजलं नाही, दुसऱ्या आठवड्यात ती त्याची नक्कल करायला लागली आणि तिसऱ्यात नक्कल करता करता त्यांना सगळं समजायला लागलं. माझी दुभाषीची नोकरी तेव्हा गेली. मी आजही सावकाश वाचते, ओळीवर बोट ठेवून.

पण बदनावर गावचं सांगायचं राहिलं. धारच्या त्या सभागृहात मागच्या भिंतीशी एक बाई उभी होती, बदनावरहून आलेली. नवरा तिथल्या मंडीत सोयाबीनच्या तोलाईवर कामाला. कोणीतरी तिला सांगितलं होतं की मोठे डॉक्टर येणार आहेत. तिच्या शेजारी नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, तोच गोल चेहरा, तेच बारीक डोळे. ती मुलगी आणि ताई एकमेकींकडे कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. बाईनं ताईकडे बोट दाखवून माळवीत विचारलं की हिला कोणतं औषध दिलं, म्हणून ही एवढी बोलते.

ताईनं विचार केला. "काकू ओरडतात," ती म्हणाली. "रोज."

त्या मुलीला शाळेत घालायला वर्ष गेलं. बदनावरच्या प्राथमिक शाळेच्या बाई, बहेनजी, नाही म्हणत नव्हत्या, पण मुलगी आईला सोडत नव्हती. आई उठली की ती किंचाळायची. शेवटी बहेनजी म्हणाल्या की एक दिवस आईशिवाय बसून दाखवू दे, मी नाव घालते. बाईनं देवासला निरोप पाठवला. ताई म्हणाली, "मी बसते तिच्याजवळ."

आम्ही पहाटेच्या गाडीनं उज्जैनवरून गेलो. पहिलीतली पोरं गोणपाटाच्या टाटपट्टीवर ओळीनं बसलेली आणि त्यांच्यात ताई, बावीस वर्षांची, नवा सलवार-कुर्ता घालून, मांडीवर पाटी. मुलगी तिला चिकटून. आई बाहेर गेली तसा मुलीनं तोंड उघडून सूर लावायला सुरुवात केली. ताईनं तिच्याहून मोठा सूर लावला. मुलगी चकित होऊन थांबली. मग दोघींनी मिळून 'अ' काढला. एका पोरानं विचारलं, "ये दोनों बहनें हैं?" ताई म्हणाली, "दिखता नहीं?"

काकू, भिया आणि मी समोरच्या टपरीवर चहा पीत बसलो होतो. दुपारची सुट्टी झाली. शेजारी बसलेल्या एका चुणचुणीत पोरीनं आपल्या डब्यातलं लोणचं त्या मुलीला दिलं. दोघी हँडपंपावर गेल्या, पाणी उडवून आल्या. घंटा झाली. ताई परत तिच्याजवळ बसायला गेली, तर मुलीनं आपल्या नव्या मैत्रिणीला तिथे बसवलं होतं.

"तू घर जा," ती ताईला म्हणाली.

ताई बाहेर आली. "तिनं मला हाकललं."

काकूंनी तिला जवळ घेतलं. "अगं, हेच तर हवं होतं आपल्याला."

"तुम्हाला हवं होतं. मला नव्हतं."

उज्जैन येईपर्यंत ती आमच्याशी बोलली नाही. उज्जैनला पोहे खाल्ले, तेही आमच्याकडे पाठ करून. भियानं तिला आपल्यातली शेव दिली, ती घेतली आणि पुन्हा पाठ केली.

पाचवी पास झाल्यावर ती मुलगी आईबरोबर पेढे घेऊन देवासला आली. तोवर काकूंच्या वर्गाला दोन खोल्यांची स्वतःची जागा झाली होती आणि ताई तिथे लहान पोरांना सांभाळायची. तिनं पेढा घेतला, पण चेहरा कोरा ठेवला. मुलीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मैं तेरे से लंबी हो गई."

"नहीं हुई," ताई म्हणाली.

मग दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि मुलीच्या आईला म्हणाल्या, सांग. ताईनं टाचा उचलल्या होत्या. ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मुलीची आई दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि शेवटी म्हणाली की दोघी सारख्याच आहात, आता पेढे खा.